बुजऱ्या कुत्र्याला परक्या माणसांची सवय कशी लावावी

‘पाहुण्याच्या हातून बिस्कीट खाऊ घाला, आपोआप मोकळं होतंय’ हा सल्ला परभणीपासून लातूरपर्यंत जो तो देतो. तो सोडून द्या. भित्रं कुत्रं खाण्याच्या ओढीनं पुढं येतं, बिस्कीट तोंडात घेतं आणि मग त्याच्या ध्यानात येतं की परका माणूस हातभरावर आहे. अशा वेळी चावा बसू शकतो.

आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. कान किंवा सांधे दुखत असले की कुत्र्याला कुणीच जवळ नको असतं. रेबीजची लस झालेली असावी. गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीवरून जाणारा हार्नेस बरा. घरातला एक कोपरा त्याचा, तिथं पाहुण्यानं फिरकायचं नाही.

अपेक्षाही बेताची ठेवा. माणसांशी ओळख होण्याचं पिल्लाचं मुख्य वय साधारण 3 ते 14 आठवडे. त्या काळात शेतातल्या आखाड्यावर घरच्या चार माणसांतच वाढलेलं पिल्लू पुढं परक्याला बुजतं, त्यासाठी त्याला कुणी मारलेलंच असायला पाहिजे असं नाही. लातूरकडच्या पश्मी, कारवानी जातीचे कुत्रे तर मुळातच परक्यापासून फटकून राहणारे. माणूस आला तरी कुत्रं स्वस्थ पडून राहिलं, एवढं जमलं तरी भरपूर.

सुरुवात रस्त्यावर करा. उन्हाळ्यात दिवस मावळल्यावर, डांबर निवल्यावर निघा. बाजाराचा दिवस टाळा. माणसं दिसतील पण कुत्रं निवांत राहील, इतक्या लांब उभं राहा. माणूस दिसला की उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्या, माणूस गेला की खाऊ बंद. आधी माणूस, मग तुकडा, हा क्रम मोडू नका. नाहीतर पिशवी वाजली की आता कुणीतरी येणार, असं समजून ते पिशवीलाच भ्यायला लागतं. घरात चिकन चालत नसेल तर पनीर द्या. कालवणातलं मटण नको, त्यातला कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतो.

एरवी चिकनवर तुटून पडणारं कुत्रं तुकडा हुंगून तोंड फिरवतंय, म्हणजे तुम्ही फार जवळ आलात. मागं सरा. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, पुढचा एक पाय अधांतरी, डोळ्याच्या कडेला दिसणारं पांढरं, हे सगळं ‘पुरे’ म्हणणंच आहे. गुरगुरलं म्हणून रागवाल तर खबरदार! गुरगुरणं बंद पडलेलं कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं. तोंडाला दस्ती गुंडाळलेला, हेल्मेटवाला, काठीवाला, असा प्रत्येक माणूस त्याच्या लेखी नवा; त्या प्रत्येकासाठी पुन्हा लांबूनच सुरुवात.

खरी कसोटी घरी पाहुणा येतो तेव्हा. मी सगळ्यात जास्त इथंच अडकलो होतो, कारण कुत्र्यापेक्षा पाहुण्याला शिकवणं अवघड. ‘मला लई सवय हाय कुत्र्यांची’ म्हणत थेट डोक्यावर हात ठेवणारे मामा सगळ्यात धोक्याचे. त्यांना निघायच्या आधीच फोनवर सांगा, ‘मामा, आल्यावर त्याच्याकडं बघायचं नाही, बोलवायचं नाही, हात पुढं करायचा नाही.’ मामांना राग येईल. येऊ द्या.

पहिली भेट फाटकाबाहेर. दोघं थोडं अंतर राखून एकाच दिशेनं चाला, कुत्रं तुमच्या बाहेरच्या अंगाला. मग पाहुण्यानं आत जाऊन खुर्चीत थोडं तिरपं बसायचं आणि नंतर कुत्र्याला दोरीसकट आत आणायचं. दोरी ढिली ठेवा. ओढून जवळ नेलं की मागची सगळी मेहनत वाया.

आता खाऊ पाहुण्याच्या हाती दिला तरी चालतो, पण त्यानं तो कुत्र्याच्या पाठीमागं, लांब टाकायचा. कुत्रं तिकडं वळतं, खातं, दूर गेल्यावर त्याला हायसं वाटतं आणि मग ते आपल्या मर्जीनं परत वळून बघतं. हे कितीही वेळा झालं तरी पाहुण्यानं जागचं हलायचं नाही. कुत्र्यानं हुंगलं तर हुंगू द्या. स्वतःहून अंगाला टेकलं तरच छातीला दोन-तीन सेकंद खाजवायचं आणि थांबायचं. पुन्हा टेकलं तर पुन्हा.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. तासभर गप्प बसलेलं कुत्रं पाहुणा उठून उभा राहिला की अंगावर धावतं. म्हणून ‘येतो बरं का’ म्हणायच्या आधीच त्याला त्याच्या कोपऱ्यात न्या.

दिवाळीचे फटाके, दारावरून डीजेची वरात, असं काही झालं तर पुढचे एक-दोन दिवस सराव नको. लहान पोरांवर तर सराव कधीच नको. चावा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून लगेच दवाखाना गाठा, कुत्र्याला लस दिलेली असली तरी. आणि ऐकणारच नाही असा पाहुणा आला की कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवा, बाहेरून कडी घाला, चहा टाका. सरावाला दुसरं माणूस बघा.