फुलापक्ष्यांचा जपानी चावान: या चुका टाळा

क्योतोला येणारी ओळखीची माणसं जाताना फुलं-पक्षी रंगवलेला एखादा चावान, म्हणजे माच्चा (हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा) पिण्याचा वाडगा, हमखास घेतात. वर्षभरात मला फोटो येतो, "अगं, बुडाशी हे काळं काय आलंय?"

काळं येतं ते घाईमुळे. चावान वरून कोरडा दिसला की लोक डब्यात घालून मोकळे होतात. तो एकदा उलटा करून बघा. बुडाच्या गोल कडेला कोदाइ म्हणतात. तिथे बहुतेक वेळा ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा थर) नसतं, उघडी माती असते आणि ती पाणी पिते. ग्लेझवरच्या केसाएवढ्या बारीक चिरा म्हणजे कान्न्यू. भट्टीतून निघून थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं, म्हणून त्या पडतात. तो दोष नाही, पण चहा त्यातूनही आत मुरतो.

माझ्याकडे उमेच्या (जपानी प्लमच्या) फांदीवर उगुइसु हा छोटा गाणारा पक्षी बसलेला एक चावान आहे. उमे फुलतो थंडी सरताना, म्हणून तो फेब्रुवारीतच काढायचा. एका वर्षी जूनमध्ये पुण्याहून मैत्रीण आली आणि तिच्यासाठी मी ऋतू सोडून तो काढला. बाहेर त्सुयुचा, म्हणजे इथल्या पावसाळ्याचा, पाऊस होता. रात्री धुतला, पुसला, सकाळी डब्यात ठेवला. फेब्रुवारीत झाकण उघडलं तर ओल्या पोत्यासारखा कुबट वास आला. कोदाइभोवती काळे ठिपके आणि तिथून फांदीपर्यंत चिरांचं करडं जाळं. आठवडाभर रोज कोमट पाणी बदलत तो भिजवला, मग तीन आठवडे सावलीत वाळवला. वास गेला. फांदीखालची एक करडी रेघ मात्र अजून आहे. ब्लीच वापरू नका, ते मातीत मुरून बसतं.

तेव्हापासून मी फडक्यावर दोन चॉपस्टिक आडव्या ठेवून त्यावर चावान पालथा घालते, म्हणजे आत वारा खेळतो. एरवी पाच दिवस, त्सुयुत दहा. मग बूड गालाला लावून बघते. गार लागलं तर आत अजून ओल आहे. चहा करण्याआधीही चावान दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवते. माती आधी स्वच्छ पाणी पिते, चहा कमी मुरतो.

दुसरी चूक आपल्या माणसांची खास: डाग दिसला की चिंच नाहीतर लिंबू. अहो, हे पितळ नाही! चावान आधी मोठ्या आचेवर भाजतात. रंग त्या ग्लेझच्या वर चढवून साधारण ८०० अंशांवर पुन्हा भाजतात आणि सोनं त्याहूनही मंद आचेवर. १७व्या शतकात निन्सेइ या कुंभाराने क्योतोतल्या निन्नाजी देवळाजवळच्या भट्टीत जी रंगीत भांडी घडवली, त्यांचेही रंग असेच ग्लेझवर बसलेले आहेत. त्यांना ना आंबट सोसतं ना घासणी. एका परिचितांनी लिंबू लावून रात्रभर ठेवलं, सकाळी लाल पाकळ्यांची चकाकी गेलेली. ती परत येत नाही. बोटं आणि कोमट पाणी एवढंच वापरा.

सोनं असेल तर मायक्रोवेव्ह नको. डिशवॉशर तर कधीच नको. हातात घेण्याआधी अंगठ्या काढा. जुन्या बाजारातल्या चावानच्या रंगांत शिसं असू शकतं, तो पाहण्यासाठीच ठेवा.

फुटला तर एका संध्याकाळी जोडून देणाऱ्या इपॉक्सीच्या किटला किंत्सुगी, म्हणजे फुटलेलं भांडं सोनेरी सांध्यांनी जोडण्याची जपानी कला, म्हणू नका. खरी जोडणी उरुशीची (झाडाच्या चिकापासूनच्या लाखेची), आणि ती कडक होते ओलसर हवेत, आठवडे घेऊन. तेवढा धीर नसेल तर तुकडे कापसात गुंडाळून ठेवा, पुढे जाणकार जोडील.

आणि चावानसोबत मिळणारा किरी झाडाच्या हलक्या लाकडाचा डबा बॅगेत मावत नाही म्हणून हॉटेलात सोडून येऊ नका. झाकणावर कारागिराच्या हातचं नाव आणि शिक्का असतो, पुढे तो चावान कुणी घडवला हे त्यावरूनच कळतं.