परत मिळालेला पॉइंटर आपल्या मालकीचा नसतो तेव्हा

सी भाषेच्या लायब्ररीतील लोकलटाइम (स्थानिक वेळ देणारे), सीटाइम (वेळ मजकुराच्या रूपात देणारे), आयनेट_एनटोआ (आयपी पत्ता मजकुराच्या रूपात देणारे), गेटपीडब्ल्यूनेम (वापरकर्त्याची माहिती देणारे) यांसारखी जुनी फंक्शन्स उत्तर स्वतःच्या स्टॅटिक, म्हणजे प्रत्येक कॉलला तीच राहणाऱ्या, जागेत लिहितात आणि त्या जागेचा पॉइंटर (मेमरीतील ठिकाण) परत देतात. पुढचा कॉल झाला की आधीचे उत्तर पुसले जाऊ शकते, आणि कंपायलर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. छपाईच्या एकाच प्रिंटएफ कॉलमध्ये आयनेट_एनटोआ दोनदा वापरून पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा आयपी पत्ता छापायला गेल्यास दोन्ही ठिकाणी एकच पत्ता उमटतो, कारण छपाई सुरू होण्यापूर्वी दोन्ही कॉल उरकलेले असतात. याहून फसवा प्रकार म्हणजे लोकलटाइम आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) देणारे जीएमटाइम यांना एकच जागा वापरण्याची मुभा प्रमाणित सी भाषा देते. त्यामुळे स्थानिक वेळ आणि यूटीसी यांतील फरक या दोन पॉइंटरांवरून काढल्यास तो शून्य येऊ शकतो.

प्रोग्रॅममध्ये एकच थ्रेड (कामाचा स्वतंत्र धागा) असेल, तर उत्तर हाती येताच त्याची प्रत करून घ्यावी. लोकलटाइमच्या बाबतीत संपूर्ण स्ट्रक्चर (एकत्र बांधलेल्या मूल्यांचा गट) आपल्या चलात नेमून दिले की तारीख-वेळेचे आकडे सुरक्षित राहतात. गेटपीडब्ल्यूनेमच्या बाबतीत मात्र तेवढे पुरत नाही: त्या स्ट्रक्चरमधील नाव आणि होम डिरेक्टरी हे स्वतःच पॉइंटर असल्याने नक्कल केलेले स्ट्रक्चरही जुन्याच जागेकडे बोट दाखवत राहते. तेथे प्रत्येक स्ट्रिंगची (मजकुराची) वेगळी प्रत करावी लागते. माझ्या मते सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात.

अनेक थ्रेड असतील, तर कॉल आणि प्रत यांच्या मधल्या क्षणी दुसरा थ्रेड घुसू शकतो. आपल्या कोडपुरते म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) लावून भागत नाही, कारण जोडलेली दुसरी एखादी लायब्ररी तेच फंक्शन कुलपाविना वापरत असू शकते. म्हणून उत्तर आपण दिलेल्या जागेत लिहिणारे लोकलटाइम_आर वापरावे; मात्र ते टाइमझोनची माहिती स्वतः वाचेलच अशी हमी पॉझिक्स (युनिक्ससारख्या प्रणालींचे प्रमाण) देत नाही, तेव्हा त्याआधी ती माहिती वाचणारे टीझेडसेट बोलवावे. पत्त्यांसाठी आयनेट_एनटॉप घ्यावे आणि त्याला आयपीव्ही४ साठी 16, तर आयपीव्ही६ साठी 46 बाइटचा आपला बफर (राखून ठेवलेली जागा) द्यावा. गेटपीडब्ल्यूनेमऐवजी गेटपीडब्ल्यूनेम_आर वापरावे; त्याने ईरेंज (बफर अपुरा) ही चूक परत दिली, तर बफर वाढवून पुन्हा प्रयत्न करावा.

स्ट्रिंगचे तुकडे करणारे स्ट्रटोक आपण दिलेल्या स्ट्रिंगमधलाच पॉइंटर परत देते, पण पुढे कोठून तोडायचे याची खूण स्टॅटिक जागेत ठेवते. ओळी तोडणाऱ्या लूपच्या आत शब्द तोडण्यासाठी ते पुन्हा वापरले, तर बाहेरचा लूप पहिल्याच ओळीनंतर थांबतो. स्ट्रटोक_आरमध्ये ही खूण आपल्या चलात राहते.