कवच चालू करताय? आधी टॅग वाचा

सेक्शनवर कवच, म्हणजे धोक्याच्या वेळी गाडीला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, चालू करायची तारीख ठरली की सगळ्यांच्या तोंडी टॉवर, रेडिओ आणि किती इंजिनं तयार झाली हेच असतं. फायबर, बॅटरी, अर्थिंग ज्याचं तो बघतो. तुम्ही रुळात उतरा आणि आरएफआयडी टॅग बघा. स्लीपरवरचा तो छोटासा टॅगच इंजिनाला सांगतो की तू कुठे आहेस आणि कोणत्या लाइनवर आहेस. शेजारशेजारच्या लाइन नुसत्या जीपीएसवर वेगळ्या ओळखणं कठीण. कोकण रेल्वेच्या जुन्या एसीडीला (टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेला) हीच अडचण नडली होती. मागच्या सेक्शनला आमचं नेमकं इथेच चुकलं. टॅग लागले, तपासून झाले, सह्या झाल्या आणि त्यानंतर पीवेवाल्यांनी, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्यांनी, स्लीपर बदलले. निघालेले टॅग बाजूला ठेवले गेले आणि जमतील तसे परत लागले, अप लाइनचा डाउन लाइनला. चाचणीचं इंजिन मोकळ्या रुळावर ब्रेक लागून उभं, आणि आम्ही रेडिओ उघडून बसलेलो.

म्हणून खडी चाळायचं मशीन असो की चार स्लीपर बदलायचे असोत, त्या ब्लॉकला (कामासाठी लाइन बंद ठेवतात तेव्हा) सिग्नलचा माणूस हजर पाहिजे. टॅग काढण्याआधी मेमो. कोणत्या किलोमीटरचा, कोणत्या लाइनचा, नंबर काय, ते तिथेच लिहून घ्या. परत लावल्यावर रीडरने वाचून जुळवा. डोळ्यांनी नको, दिसायला सगळे सारखेच असतात. ‘लावलाय साहेब’ हे उत्तर धरू नका.

दुसरं म्हणजे इंटरलॉकिंग, सिग्नल आणि पॉइंट (रूळ बदलणारे सांधे) एकमेकांशी जुळवून ठेवणारी व्यवस्था. ते सांगेल ते कवच खरं धरतं. 2 जून 2023 ला ओडिशातल्या बहानगा बाजारला अपघात झाला, तेव्हा सिग्नल मेन लाइनचा मिळाला होता आणि पॉइंट बाजूच्या लूप लाइनचा होता. सर्किटमध्ये फेरफार करताना झालेली ती चूक होती. अशा वेळी कवचही हिरवाच सिग्नल वाचणार. तेव्हा स्टेशनच्या वायरिंगला आणि रिले रूमला हात लागला असेल तर आधी त्याची पूर्ण चाचणी, मग कवच. नकाशाही आजचाच हवा. ओएचईच्या (वरच्या विजेच्या तारांच्या) खांबासाठी सिग्नल पुढे सरकवलेला असतो आणि डेटा बनवणाऱ्यापर्यंत ते पोचलेलंच नसतं.

लोको शेडला चाकाचा व्यास विचारा, वेग त्यावरूनच मोजला जातो. डब्ल्यूएपी-7 इंजिनाचं नवं चाक 1092 मिलिमीटरचं, झिजत 1016 ला आलं की बाद. बाद चाकं काढून नवी घातली आणि यंत्रात जुनाच आकडा राहिला, तर पडद्यावर 100 दिसताना गाडी 107 ने पळते आणि थांबायचं अंतर कमी धरलं जातं. उलट चूक झाली तर गाडी नुसती रखडते, तेवढी चालेल. टॅगवरून जाताना जागेचा हिशोब दुरुस्त होतो, वेगाचा नाही. आणि जागेचाही कधी? टॅग आपल्या जागी असेल तर. पुन्हा तेच.

कॉशन ऑर्डरकडे, म्हणजे तात्पुरत्या वेगमर्यादेच्या सूचनेकडे, फार लोक डोळेझाक करतात. वेल्समधल्या केंब्रियन मार्गावर 20 ऑक्टोबर 2017 ला सिग्नलचा संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तात्पुरत्या वेगमर्यादा गाड्यांपर्यंत गेल्याच नाहीत. कंट्रोलच्या पडद्यावर मात्र त्या लागू दिसत होत्या. गाडी ताशी 30 किलोमीटरच्या जागी 80 ने गेली, नशिबाने कोणाला काही झालं नाही. तेव्हा सिस्टीम बंद करून चालू करा आणि मर्यादा इंजिनातल्या पडद्यावर आली का ते कॅबमध्ये बसून बघा. स्टेशनचा पडदा दाखवतो म्हणून सोडून देऊ नका. कागदी कॉशन ऑर्डरही एवढ्यात बंद करू नका.

कवचची हद्द कुठे संपते ते लोको पायलटला तोंडपाठ हवं. 2013 मध्ये स्पेनमधल्या सांतियागोजवळ घसरलेल्या गाडीतलं ईटीसीएस (युरोपातली कवचसारखी यंत्रणा) बंद केलेलं होतं, आणि 80 च्या मर्यादेचं ते वळण तसंही त्याच्या हद्दीबाहेरच होतं. गाडी दुपटीहून जास्त वेगात होती. कवच बंद करून गाडी न्यायची परवानगी कोण देणार, कोणत्या वेगाने न्यायची आणि ते कुठे लिहायचं, हे आधीच ठरवा.

चालू करण्याच्या आदल्या रात्री पीवेला फोन करून कुठे ब्लॉक झाला का ते विचारा. झाला असेल तर तिथले टॅग परत वाचा, सह्या झालेल्या असल्या तरी.

बाकी रोलबॅक (गाडी मागे घसरणं), शंटिंग मोड, एसओएस (आणीबाणीचा इशारा), गेटवरची आपोआप शिट्टी पुस्तकाप्रमाणे तपासा. सुरुवातीला विनाकारण ब्रेक लागतील. लोको पायलटच्या नावाने ओरडू नका, डेटा लॉग काढा.