सीटी रिपोर्टमध्ये ‘पोर्टल व्हेन’ लिहिलंय? मग आधी एवढं बघा

लिव्हर कॅन्सरचा रिपोर्ट हातात आला की घरातले सगळे आधी गाठ किती सेंटीमीटरची ते शोधतात, मग पाहुण्यांचे फोन सुरू होतात, कितवी स्टेज, कितवी स्टेज. पण या कॅन्सरमध्ये रक्तवाहिन्यांबद्दलची ओळ गाठीच्या मापाइतकीच, कधीकधी त्यापेक्षाही महत्त्वाची असतीय. पोर्टल व्हेन, हिपॅटिक व्हेन, आयव्हीसी हे शब्द रिपोर्टमध्ये जिथं जिथं आहेत तिथं पेनानं खूण करा, कारण ऑपरेशन होईल का, गोळ्या का इंजेक्शन, हे बरंचसं तिथनंच ठरतंय.

त्याच्या आधी एक प्रश्न मात्र विचाराच, कॅन्सर मूळचा लिव्हरचाच आहे का आतड्यातनं वगैरे तिथं आलाय? मी लिहितोय ते लिव्हरमध्येच सुरू झालेल्या कॅन्सरबद्दल, डॉक्टर त्याला एचसीसी म्हणतात. दुसरीकडनं आलेल्याची औषधं वेगळी, हिशेबच वेगळा.

आता शिरांचं. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतंय. साधारण 75 टक्के पोर्टल व्हेनमधनं, म्हणजे आतडी आणि प्लीहा यांच्याकडनं गोळा होऊन येणारं, आणि राहिलेलं 25 टक्के हिपॅटिक आर्टरीमधनं, म्हणजे लिव्हरच्या धमनीतनं. कॅन्सरची गाठ मात्र मुख्यतः आर्टरीच्या रक्तावर वाढते, आणि गाठीतनं बाहेर पडणारं रक्त बऱ्याचदा पोर्टल व्हेनच्या बारीक फांद्यांत उतरतंय. त्याच वाटेनं कॅन्सरच्या पेशी त्या फांद्यांत शिरतात, तिथं वाढतात, आणि पोर्टल व्हेनचं रक्त लिव्हरच्या आतच पसरत असल्यामुळं लिव्हरमध्येच आणखी बारक्या गाठी तयार होतात. म्हणून ‘एक मोठी गाठ आणि शेजारी चार छोट्या’ असले रिपोर्ट येतात.

दुसरी वाट बाहेरची. लिव्हरमधलं सगळं रक्त हिपॅटिक व्हेनमधनं आयव्हीसी या मोठ्या शिरेत, तिथनं हृदयाच्या उजव्या बाजूला आणि मग फुप्फुसात जातंय. लिव्हरबाहेर हा कॅन्सर सगळ्यात जास्त फुप्फुसात सापडतो तो यामुळंच. पोटाच्या सीटीबरोबर डॉक्टरांनी छातीचा सीटी सांगितला तर उगाच खर्च वाढवतायत असं समजू नका.

रिपोर्टमध्ये ‘थ्रॉम्बस’ दिसला की लगेच घाबरायचं नाही, पण विचारायचं, ही साधी रक्ताची गुठळी आहे का कॅन्सरचीच वाढ? हा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, कारण लिव्हर सिरॉसिस (लिव्हर व्रण पडून कडक होणं) असलेल्या पेशंटला कॅन्सर नसताना पण पोर्टल व्हेनमध्ये गुठळी होऊ शकते. फरक ट्रायफेजिक सीटीत कळतोय, म्हणजे डाय (फोटोत शिरा उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध) शिरेतनं सोडून वेगवेगळ्या वेळेला फोटो काढतात तो. कॅन्सरच्या थ्रॉम्बसला स्वतःचा रक्तपुरवठा असतो, त्यामुळं डाय आर्टरीत असतानाच तो चमकतो आणि शीर फुगलेली दिसते, साधी गुठळी तशी चमकत नाही. तुमचा सीटी नुसता साधा असेल, किंवा फक्त सोनोग्राफीवर थ्रॉम्बस लिहिला असेल, तर ट्रायफेजिक किंवा एमआरआय लागेल का ते स्पष्ट विचारा. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी कॅन्सरचा थ्रॉम्बस विरघळत नाही, आणि त्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरनं आपल्या मनानं तर अजिबात सुरू करायच्या नाहीत.

कॅन्सरचाच थ्रॉम्बस असेल तर पुढचा प्रश्न, कुठवर गेलाय? काही रिपोर्टमध्ये व्हीपी 1 ते व्हीपी 4 असं लिहितात. 1 आणि 2 म्हणजे लांबच्या फांद्या, 3 म्हणजे उजवी किंवा डावी मोठी फांदी, 4 म्हणजे मुख्य शीर. या चारांत खूप फरक आहे. पोर्टल व्हेनमध्ये कॅन्सर दिसला की बीसीएलसी या लिव्हर कॅन्सरची स्टेज ठरवायच्या पद्धतीत स्टेज सी धरतात, पण स्टेज सी ऐकून ‘आता काही राहिलं नाही’ असं घरात बोलून टाकू नका. फांदीपुरता असलेला आणि मुख्य शीर बंद केलेला, दोघांच्या कागदावर सी च असतो.

मुख्य शीर अडकली की काय होतंय ते आपल्याला समजवायला नको. पुढं कृष्णा भरली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं चढत जातो, तसंच इथं रक्त मागं साठतंय. प्लीहा वाढते, पोटात पाणी होतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटल्या तर रक्ताची उलटी. म्हणून ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातनं दुर्बीण घालून तपासणी, सांगतात. विशेषतः ॲटेझोलिझुमॅब या कॅन्सरच्या इंजेक्शनबरोबर बेव्हासिझुमॅब हे दुसरं इंजेक्शन द्यायचं असेल तर ती टाळू नका, बेव्हासिझुमॅबनं रक्तस्रावाचा धोका वाढतो.

बाकीचे पर्याय विचारताना ही नावं माहीत असू देत. लेनव्हॅटिनिब, सोराफेनिब या गोळ्या. ड्युर्व्हालुमॅब आणि ट्रेमेलिमुमॅब ही इंजेक्शनं. टेस म्हणजे आर्टरीतनं औषध सोडून गाठीचा रक्तपुरवठा बंद करायचा, पण मुख्य पोर्टल व्हेन बंद असेल तर ते सहसा करत नाहीत, कारण दोन्ही वाटा बंद झाल्या तर चांगलं लिव्हर पण उपाशी मरेल. तिथं एसबीआरटीचं नेमकं रेडिएशन किंवा वाय-90 (गाठीच्या आर्टरीत सोडायचे रेडिएशनचे बारीक मणी) चा विचार होऊ शकतो का हे विचारा. मुख्य शिरेत कॅन्सर असताना सरळ ट्रान्सप्लांट करत नाहीत, त्यामुळं ‘डोनर तयार आहे, करून टाका’ असा आग्रह धरून उपयोग नाही. आणि यातलं काय झेपेल हे लिव्हर किती चालतंय त्यावर आहे, म्हणून चाइल्ड-प्यू ए, बी का सी ते विचारून लिहून ठेवा. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप), पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम यावरनं ते काढतात.

कोल्हापुरातनं दुसरं मत घ्यायला मिरज, पुणे किंवा मुंबईला टाटाला जाणारी माणसं भरपूर, रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची आणि सकाळी लाइनीत. जाताना नुसता छापील रिपोर्ट आणि फिल्म नेऊ नका, स्कॅन सेंटरमधनं सीटीची सीडी मागून घ्या, कारण तिथले डॉक्टर शिरा स्वतः स्क्रीनवर बघतात. सीडी नसली की बऱ्याचदा परत सीटी, परत डाय, आणि डायचा भार किडनीवर. एएफपी (लिव्हर कॅन्सरसाठीची रक्ततपासणी), हिपॅटायटीस बी आणि सी चे रिपोर्ट, एंडोस्कोपी, आणि बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) झाली असेल तर स्लाइड आणि ब्लॉक सोबत. बायोप्सी केली नाही म्हणून डॉक्टर चुकलेत असं नाही, सिरॉसिस असेल आणि सीटीत ठरावीक चित्र दिसलं तर त्यावर निदान करतात. पैशाचं म्हणाल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलमध्ये किंवा योजनेतल्या कुठल्याही हॉस्पिटलमध्ये महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्र असतो, तुमची ट्रीटमेंट योजनेत बसते का हे ॲडमिट व्हायच्या आधीच त्याला विचारा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन.

घरी असताना काळी शौच, रक्ताची उलटी, पोट झपाट्यानं फुगणं, ताप, अचानक दम लागणं, किंवा पेशंट दिवसा झोपतोय, रात्री जागतोय आणि बोलताना घोटाळतोय, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, 108 लावा. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन दुकानातनं आणून देऊ नका. आणि कळकळीनं सांगतो, काविळीचा झाडपाला देणाऱ्याकडं या पेशंटला नेऊ नका. नेणाऱ्याचं मन मला कळतंय, घरातलं माणूस वाचावं म्हणूनच नेतात, पण आधीच अडचणीत असलेल्या लिव्हरवर आणखी ओझं पडतंय. गुळवेलीच्या काढ्यानं लिव्हर बिघडलेल्या केसेस आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी नोंदवल्यात.

पेशंटला हिपॅटायटीस बी निघाला असेल तर बायको किंवा नवरा, मुलं, सख्खी भावंडं या सगळ्यांची रक्ततपासणी याच आठवड्यात करून घ्या. एका ताटात जेवल्यानं तो पसरत नाही, त्यामुळं पेशंटचं ताट वेगळं ठेवू नका. ज्यांना लागण नाही त्यांना लसीचे तीन डोस, आज, एक महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात. ज्याला लागण निघेल त्यानं लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची का ते ठरवायचं, आणि सिरॉसिस असेल तर ती करायचीच, काही त्रास होत नसला तरी.