पोलिसांच्या रस्त्यावरील कॅमेऱ्याचा हिशेब महापालिकेकडे कसा मागावा

नवी मुंबईत कोपरखैरण्यातील आमच्या वसाहतीसमोरच्या खांबावर एके दिवशी घुमटासारखा फिरता कॅमेरा बसला. चौकावर नजर ठेवण्यासाठीच तो लावला होता, याबद्दल शंका नाही. परंतु खांब वळणावर असल्याने कॅमेरा फिरला की त्याचा रोख थेट पहिल्या मजल्याच्या गॅलऱ्यांवर येतो, जिथे कपडे वाळत असतात आणि संध्याकाळी म्हातारी माणसे बसलेली असतात. चौकशीला गेलो तेव्हा एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवले आणि दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. कॅमेरे महापालिकेच्या पैशातून बसतात आणि चित्रण पोलीस पाहतात, अशी विभागणी असली की हे घडतेच. अशा वेळी सुरुवात महापालिकेपासून करावी, कारण पैसा खर्च झाला म्हणजे ठराव, निविदा आणि करारनामा हे कागद तिथे असलेच पाहिजेत.

प्रथम खांबाखाली उभे राहून खांबाचा क्रमांक, जवळची खूण आणि कॅमेऱ्याची दिशा लिहून घ्यावी. त्यानंतर स्वतःच्या गॅलरीतून एक छायाचित्र काढावे. त्यात कॅमेऱ्याची काच स्पष्ट दिसत असेल, तर कॅमेऱ्यालाही तुमचे घर दिसू शकते, हे कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मग माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांच्या आत असावा लागतो व त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे. ‘कॅमेरा का लावला?’ असे विचारू नये, कारण हा कायदा स्पष्टीकरण देत नाही, अस्तित्वात असलेला कागद देतो. म्हणून मागणी अशी लिहावी: ‘सदर कॅमेऱ्यांच्या मंजुरीच्या ठरावाची प्रत, कंत्राटदाराशी झालेल्या करारनाम्याची प्रत, चित्रण किती दिवस जतन करावे आणि ते कोणी पाहावे हे ठरवणाऱ्या आदेशाची प्रत, चित्रण कोणाला दिले याच्या नोंदवहीचे निरीक्षण.’ यातील एखादा कागद पोलीस आयुक्तालयाकडे असेल, तर कलम 6(3) नुसार अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करणे महापालिकेवर बंधनकारक आहे. अर्ज देताना स्थळप्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का न विसरता घ्यावा. शिवाय 2018 च्या शासन परिपत्रकानुसार दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत महापालिकेत अभिलेख पाहता येतात.

उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. ‘तपासात अडथळा येईल’ असे म्हणून माहिती नाकारण्यासाठी कलम 8(1)(ज) दाखवले जाण्याची शक्यता आहे. तुम्ही मात्र कोणत्याही गुन्ह्याचे चित्रण मागितलेले नाही, नियम मागितले आहेत, हे प्रथम अपिलात, म्हणजे महापालिकेतल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दाद मागताना, ठामपणे मांडावे. काही मजकूर खरोखरच गोपनीय असेल, तर तेवढाच वगळून उरलेला देण्याची तरतूद कलम 10 मध्ये आहे. प्रथम अपील 30 दिवसांत करावे आणि तिथेही निराशा झाली, तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे जावे. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही त्याच खंडपीठाच्या कक्षेत येतात.

कागद हाती आला की नगरसेवकाला भेटावे. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, कारण माहिती मिळाल्याने कॅमेऱ्याची दिशा बदलत नाही, ती महासभेच्या ठरावाने बदलू शकते. ठरावात मागायच्या गोष्टी नेमक्या असाव्यात: घरांच्या खिडक्या-गॅलऱ्या येतात तेवढा भाग चित्रात कायम काळा ठेवणे (फिरत्या कॅमेऱ्यांमध्ये बहुधा ही सोय असतेच), चित्रण पुसण्याची मुदत, ते पाहणाऱ्याच्या नावाची व कारणाची नोंद, आणि दरवर्षी सभागृहापुढे अहवाल. अमेरिकेतील ओकलंड शहराने 2016 मध्ये अशा कामासाठी नागरिकांचा कायम आयोग नेमला. पण आधारासाठी इतके दूर जाण्याची गरज नाही. पोलीस ठाण्यांच्या आतील कॅमेऱ्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात जिल्हास्तरीय देखरेख समिती नेमण्यास सांगितले आणि त्या समितीत जिल्ह्यातील महापौरांना स्थान दिले. पोलीस ठाण्याच्या आतल्या कॅमेऱ्यांवर लोकप्रतिनिधीची देखरेख चालते, तर नागरिकांच्या दारासमोरच्या कॅमेऱ्यांवर ती का असू नये, हा प्रश्न नगरसेवकाने सभागृहात विचारावा. त्याच्या जोडीला 24 ऑगस्ट 2017 चा पुट्टस्वामी निकालही ठेवावा. खासगीपणावर येणाऱ्या निर्बंधाला कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि गरजेपुरतेच प्रमाण हवे, असे नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्यात सांगितले आहे.

ठराव झाल्यावर ‘काळी पट्टी लावली’ एवढ्या तोंडी उत्तरावर थांबू नये. त्या कॅमेऱ्याच्या पडद्यावरील दृश्याची, तारीख-वेळ उमटलेली छापील प्रत लेखी मागून घ्यावी आणि ती आपल्या गॅलरीतून काढलेल्या छायाचित्राशेजारी ठेवून पाहावी.