जुन्या टोयोटा कोरोलाच्या सीटमध्ये हीटर बसवताना

कॅनडातल्या एडमंटनला जानेवारीत पहाटे साडेपाचला गाडीत बसलं की सीट दगडासारखी लागते. रात्रभर ब्लॉक हीटर, म्हणजे घरच्या विजेवर इंजिन कोमट ठेवणारा हीटर, लावून ठेवला की इंजिन सुरू होतं, पण कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारं पाणी, तापेपर्यंत आतला हीटर गार हवाच फेकतो. उणे 28 मध्ये माझा हॉस्पिटलपर्यंतचा निम्मा रस्ता त्यातच जातो. सीटमधल्या हीटरला इंजिन तापायची वाट बघावी लागत नाही. पन्नास-पंचावन्न वॅट वीज सरळ मांड्यांना आणि कंबरेला मिळते, दोन-तीन मिनिटांत. कॅडिलॅकने ही सोय 1966 मध्ये दिली आणि स्वीडनच्या साबने 1972 च्या गाड्यांत ड्रायव्हरची सीट गरम करून दिली. थंड देशात ही चैन नव्हे, गरज आहे. माझी कोरोला 2010 ची, साध्या मॉडेलची, म्हणून मी ते काम घरी केलं.

वायरिंगची भीती मला कधी वाटली नाही. सांगलीत बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि शाळेतून आल्यावर मी तिथेच अभ्यास करायची. पण मोटर वेगळी आणि गाडीची सीट वेगळी. सीटमध्ये एअरबॅग असते, बेल्टचं बक्कल असतं, सेन्सर असतात. हीटर त्या सगळ्यांना धक्का न लावता बसवायचा, हे मनाशी पक्कं असेल तरच पान्हा हातात घ्या.

म्हणूनच मी फक्त ड्रायव्हरची सीट केली. शेजारच्या सीटमध्ये कोण बसलंय, मोठं माणूस की मूल, हे वजनावरून ओळखणारी यंत्रणा असते आणि त्यावरून समोरची एअरबॅग चालू-बंद होते. टोयोटात ती सीट काढली की सेन्सरचा शून्य बिंदू, म्हणजे रिकाम्या सीटचं माप, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅन टूलने पुन्हा जुळवावा लागतो. काही गाड्यांत सेन्सरची चटईच कव्हरखाली असते. तुमच्या डॅशबोर्डवर प्रवासी एअरबॅगचा दिवा असेल, तर ती सीट स्वतः उघडू नका.

किट कार्बन फायबरच्या पॅडचा घ्या. दोन पॅड, हाय-लोचं बटण, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूजसकट वायरिंग एवढं त्यात येतं. पॅड कापून छोटा करता येतो का आणि कुठे, हे किटच्या कागदावर नीट वाचा. आत बारीक तार असलेला पॅड अजिबात कापायचा नाही.

सगळ्यात आधी मल्टीमीटरने पॅडचा रोध मोजा. माझा एकेक पॅड 5.8 ओहम निघाला. दोन्ही समांतर जोडले की 2.9, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर साधारण सव्वाचार अँपिअर. मग पॅड जमिनीवर पसरून सुट्या बॅटरीला पाच मिनिटं जोडला आणि तळहाताने इंच इंच चाचपला. एखादा ठिपका जास्त तापत असेल, तर तो पॅड परत करा. कव्हर चढवल्यावर हे कळत नाही.

हे काम कडाक्याच्या थंडीत करू नका. गारठ्यात प्लास्टिकच्या क्लिपा काडीसारख्या तुटतात. मी कोजागिरीनंतरच्या शनिवारी सीट तळघरात आणून केलं. काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. टोयोटा किमान 90 सेकंद थांबायला सांगते. मी दहा मिनिटं थांबले. मग 14 एमएमचे चार बोल्ट, सीट मागे कलंडवून खालचे कनेक्टर. पिवळा कनेक्टर एअरबॅगचा असतो. तो सुटलेला असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसतो.

बसण्याच्या गादीचं कव्हर खालून लांब प्लास्टिकच्या आकड्यांनी फ्रेमला अडकवलेलं असतं. ते सुटले की कव्हर वर सोलता येतं, पण मधल्या शिवणीपाशी अडतं. तिथे फोममध्ये आडवी खाच असते आणि कव्हर त्या खाचेतल्या तारेला हॉग रिंगांनी, म्हणजे जाड स्टेपलसारख्या कड्यांनी, खाली ओढून बांधलेलं असतं. कडी कापायच्या पकडीने तोडा. कापड ओढू नका, शिवण उसवते.

खरी गोम या खाचेतच आहे. पॅड तिच्यावर सपाट टाकून कव्हर ओढलं की पॅडची घडी पडते, आणि घडी पडली की तिथे उष्णता साठते. पहिल्या वेळी माझं हेच झालं. बसून बघितलं तर डाव्या मांडीखाली रुपयाएवढी जागा चटका देत होती. पुन्हा सगळं सोडवलं. माझ्या पॅडला मध्ये मोकळ्या फटी होत्या. त्या बरोबर खाचेवर आणल्या, पॅड बोटांनी खाचेत दाबून तिच्या आकारात बसवला आणि नव्या कड्या फटींमधून नेल्या. पॅडमागची चिकटपट्टी शेवटी सोलायची, कारण एकदा फोमला चिकटली की उचलताना फोमचे लचके येतात.

पाठीला मी हात राखून केलं. एअरबॅग पाठीच्या बाहेरच्या कडेला असते आणि तिथली शिवण वेळेला फाटावी अशीच शिवलेली असते. त्या बाजूचं कव्हर मी सोडवलंच नाही. खालचं तोंड उघडून पॅड फक्त कंबरेच्या उंचीपर्यंत मधोमध सरकवला. खांद्यांना ऊब मिळत नाही, पण बारा तास उभं राहून आल्यावर ऊब हवी असते ती कंबरेलाच.

बाबांचं एक वाक्य होतं, ‘वायर लपव, फ्यूज लपवू नको.’ बॅटरीपासून वीतभर अंतरात 15 अँपिअरचा फ्यूज, हात पोचेल असा. तिथून पत्र्याच्या भोकातल्या रबरी कड्यातून (ग्रॉमेट) वायर आत, दाराच्या पट्टीखालून सीटपर्यंत. रिलेच्या पिनांवर नंबर असतात: 30 वर ही वायर, 87 वरून बटणामार्गे पॅडना, 85 ला गाडीच्या बॉडीचं अर्थिंग, आणि 86 ला फ्यूज बॉक्समधली अशी जागा जिथे चावी फिरवल्यावरच करंट येतो. चावी काढली की रिले सुटतो आणि बटण विसरलं तरी बॅटरी उतरत नाही. जोड क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत पकडीने दाबून, वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवा. पिळून टेप मारलेला जोड सीटखाली कधीतरी ढिला पडतोच. सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून बघा. वायर ताणायला नको, रुळात अडकायला नको. फ्रेमला केबल टायने बांधा. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने (टॉर्क)च आवळा. अपघातात तुम्हाला जागेवर धरून ठेवतात ते हेच चार बोल्ट.

वापरताना इंजिन सुरू झाल्यावरच बटण दाबा, थंडीत बॅटरी आधीच अशक्त असते. दहा मिनिटं हाय, मग लो. मधुमेहाने किंवा पक्षाघाताने ज्यांची संवेदना गेली आहे, त्यांना या सीटवर बसवू नका. चटका बसतोय हे त्यांना कळत नाही आणि कातडी भाजते. आईला पंचवीस वर्षं साखर आहे, तळपायाला काही जाणवत नाही. डिसेंबरात ती येतेय. शेजारची सीट आहे तशीच आहे, आणि तिच्या अंगावर टाकायला गोधडी मी आताच डिकीत ठेवली आहे.