मुलाचा नाद धरा, विषय आपोआप येतात

मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलं, की पहिले काही महिने वेळापत्रक लावू नका. मूल लोळेल, कंटाळेल, कंटाळू द्या. (आजी रोज विचारतील, 'अभ्यास कधी?' हसून चहा द्यावा.)

मग कशात रमतंय ते बघा. आमच्याकडे रेल्वे निघाली. मी धडे काढले नाहीत. पुणे-लोणावळा लोकलने हिंडलो, जुनं वेळापत्रक आणि नकाशा भिंतीवर लावला. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं का जोडतात, हा प्रश्न त्याचाच. कर्जत-लोणावळ्यामधल्या बोरघाटात ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर चढ, हे कळल्यावर पाट आणि पुस्तकं घेऊन त्याने घरातच घाट रचला. गुणोत्तर तिथे आलं. हा घाटमार्ग १८६३ साली सुरू झाला, म्हणून इतिहासही आला.

तुम्ही एकच पथ्य पाळा: मध्येच 'सांग बरं, किती झाले?' विचारू नका. परीक्षेचा वास आला की मूल विषय टाकून देतं. उत्तर येत नसेल तर माहीतगार माणूस गाठा. निवृत्त रेल्वे कर्मचारी तासन् तास बोलतात. रात्री दोन ओळी वहीत टिपा. ते तुमच्याच धीरासाठी.

दहावीची काळजी असेल तर शाळेत न जाता परीक्षा देण्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की नाव नोंदवता येतं, नोंदणी पाच वर्षं चालते. जन्मदाखला आधीच काढून ठेवा.